नळ्या आल्या का?

"मगदूम, घरी स्वयंपाक करता का?"

पाटगावकर सरांनी हे सगळ्या बॅचसमोर विचारलं. तेव्हा माझ्या हातात लूप होता, म्हणजे दांड्याला लावलेली बारीक तार, आणि तारेच्या टोकावर पांढऱ्या बुरशीचा चांगला टपोरा गोळा होता.

"करते सर."

"मग आमटीत हिंग घालताना डबा उपडा करता?"

पोरं खिदळली. मी त्यांची मॅडम होते, नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता, आणि चेहरा कुठे लपवावा ते कळेना. सरांनी लूप माझ्या हातातून घेतला, ज्योतीत लाल होईपर्यंत धरला, निववला आणि बशीतल्या बुरशीला नुसता टेकवला.

"टेकवायचं. उचलायचं नाही. काय घेतलं ते डोळ्याला दिसता कामा नये. दिसलं म्हणजे जास्त झालं."

मिरजेतली ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आमच्या गावात गल्लोगल्ली दवाखाने, माणूस आजारी पडायलाच मिरजेत येतो असं बाहेरचे लोक थट्टेनं म्हणत. आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे सर प्रमुख होते. त्यांचा सगळा जीव एका बुरशीत अडकलेला. कॅन्डिडा तिचं नाव. तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात ती मुकाट्यानं पडून असते. माणूस अशक्त झाला, फार औषधं झाली, की रक्तात उतरते आणि जीव घेते. तिच्या जाती अनेक. त्यातली सगळ्यात नेहमीची जात ओळखायची तपासणी अगदी साधी आहे. माणसाच्या रक्तातलं पिवळसर पाणी, सीरम, थोडं नळकांड्यात घ्यायचं, त्याला बुरशीचा स्पर्श करायचा आणि अंगाइतक्या उबेत ठेवायचं. दोन-तीन तासांत त्या गोल पेशींना बारीक नळ्या फुटतात. नळ्या आल्या तर ती नेहमीची जात, आणि तिला साधं, सोसवेल असं औषध चालतं. नाही आल्या तर जात दुसरी. मग त्या साध्या औषधावर विसंबता येत नाही, जहाल औषध काढावं लागतं.

यात मेख एवढीच, की बुरशी जास्त पडली तर नेहमीच्या जातीलाही नळ्या फुटत नाहीत. जुन्या लोकांना हे माहीत होतं, पण असं का होतं ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्याचं उत्तर त्या सुमाराला नुकतंच सापडलं होतं आणि सर त्यापायी अक्षरशः वेडे झाले होते. मला त्याच कामाला जुंपलं होतं. एरवी शिस्तीचा हा माणूस त्या विषयावर बोलायला लागला की त्याला थांबवणं फक्त एकाच व्यक्तीला जमायचं. ती म्हणजे त्यांची मुलगी वैजयंती.

वैजू माझ्याहून थोडी लहान. सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायची, रोज एसटीनं जा-ये करायची. लग्न केलं नव्हतं, आणि त्या घरात त्यावर कुणी काही बोलतही नसे. मला पहिल्यांदा तिच्या घरी जेवायला बसवलं तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मला वांग्यांचं कोडं उलगडलं. दर आठवड्याला सर मला एक पिशवी देत, "घरी न्या" म्हणून. कधी वांगी, कधी गवार, पेरूच्या दिवसांत पेरू. मला वाटायचं, यांची शेती असेल.

"कसली शेती!" वैजूची आई, आमच्या काकू, ताटं मांडता मांडता म्हणाल्या. "मी पाव किलो सांगते. लक्ष्मी मार्केटात गेले की किलोभर उचलून आणतात. तिथे कॉलेजात म्हणे थेंब मोजतात."

"अगं, ताजी होती," सर म्हणाले.

"परवा हिनं शाळेसाठी एक फुटपट्टी मागितली. बारा आणल्या."

"मोडली म्हणजे?"

"बाबा, ती स्टीलची आहे," वैजू म्हणाली, आणि माझ्या पानात वांग्याची भाजी वाढली. "घ्या पद्माताई. नाही संपलं तर हे सगळं पुन्हा तुमच्याच पिशवीत येणार आहे."

मग सर बुरशीवर घसरलेच. वैजू घास थांबवून ऐकत राहिली.

"म्हणजे आपण किती जण आहोत ते त्यांना कळतं?"

"कळतं."

"कसं? मोजतात?"

"मोजत नाहीत. प्रत्येक पेशी एक द्रव्य बाहेर सोडते, थोडं थोडं. फार्नेसोल म्हणतात त्याला. दोन-चार जणी असल्या की ते विरून जातं. पुष्कळ असल्या की साचतं. साचलं की सगळ्यांना कळतं, आपण भरपूर आहोत, आता हातपाय पसरायची गरज नाही. मग गोलच्या गोल राहतात."

"आणि एकटी पडली की?"

"एकटी पडली की नळी काढते आणि वाट मिळेल तिथे घुसते."

"माझी सहावी ब बरोबर उलटी आहे," वैजू म्हणाली. "एकेकटी असतात तेव्हा गरीब गाय. सगळी जमली की बाक मोडतात."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. काकूंनी पाणी पुढे केलं आणि जेवताना बुरशी नको असा दम भरला. त्या घरात त्यानंतर मी कितीदा जेवले असेन कोण जाणे. वैजू मला भेटली की "काय म्हणतात तुमच्या गोल बायका? नळ्या आल्या का?" असं विचारायची. हालहवाल विचारायची ती आमची रीतच होऊन गेली.

दिवाळीनंतर वैजूच्या पोटात दुखायला लागलं. चाचणी परीक्षा होती म्हणून तिनं ते अंगावर काढलं. तिला सवयच होती, दुखणं सांगायचं नाही. अॅपेंडिक्स फुटलं, पोटभर पू झाला. एकदा पोट उघडलं, मग पुन्हा उघडावं लागलं. तोंडानं काही घेता येईना म्हणून मानेतल्या शिरेतून नळी घालून पोषण दिलं, आणि एकावर एक अँटिबायोटिकांचे थर चढले. जंतूंना मारायचं तर ते करावंच लागतं. पण त्यात पोटातले चांगले जंतूही जातात, आणि रान मोकळं मिळतं ते बुरशीला. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते रोज विभागात येऊन माझ्यासमोर बसायचे आणि खालच्या आवाजात म्हणायचे, "अजून तरी काही नाही." काय नाही, ते आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

उतरलेला ताप पुन्हा चढला. वैजूवर डॉक्टर मुजावर उपचार करत होते. ते सरांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी तिचं रक्त आमच्याकडे पाठवलं. ते वाढीच्या पाण्यात घातलं, आणि बाटली गढूळ झाली तेव्हा सरांनी स्वतः त्यातला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी शेजारी उभी होते.

"यीस्ट," ते म्हणाले.

म्हणजे बुरशीच. गोल, कळ्या फुटणाऱ्या पेशी. मीही पाहिल्या. पण जात कळायला बशीवर वाढ व्हायला हवी होती, त्याला दुसरा दिवस लागणार होता.

आमच्या विभागात एक नियम होता आणि तो सरांनीच घातला होता. स्वतःच्या माणसाचं सँपल स्वतः लावायचं नाही. माझ्या चुलत्यांची थुंकी तपासायला आली होती तेव्हा सरांनी ती माझ्या हातातून काढून घेतली होती. "हात आपला राहत नाही," म्हणाले होते. तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा सकाळचा तास होता. तास संपवून आले तर इन्क्यूबेटरवर सरांच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली, उघडू नये. आत दोन नळकांडी. एक ओळखीच्या बुरशीचं, ताळा पाहण्यासाठी आम्ही ते नेहमी शेजारी लावतो. दुसरं वैजूचं.

"मी लावलंय," सर म्हणाले. "तुमची वाट बघण्यात वेळ गेला असता."

बापाला कोणता नियम सांगणार?

वेळ भरल्यावर त्यांनी दोन्हींतले थेंब काचेवर घेतले. ताळ्याच्या थेंबात नळ्या होत्या, हव्या तशा. वैजूच्या थेंबात सर किती तरी वेळ बघत राहिले. काच इकडे सरकव, तिकडे सरकव. मग उठून मला जागा दिली. मी पाहिलं. गोल. जिकडे बघावं तिकडे गोल.

"नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत सर."

त्यांनी तिथूनच मुजावरांना फोन लावला. आवाज अगदी नेहमीचा, कुणा परक्या पेशंटचा रिपोर्ट सांगावा तसा. "नळ्या नाहीत. दुसरी जात धरा. फ्लुकोनॅझोलवर विसंबू नका, अॅम्फोटेरिसिन सुरू करा." फ्लुकोनॅझोल हे ते साधं औषध. अॅम्फोटेरिसिन जहाल, बुरशी कोणतीही असो, बहुधा मारतंच. पण पेशंटला थंडी वाजून खाट हलते आणि मूत्रपिंडं होरपळतात. वैजूची मूत्रपिंडं दोन ऑपरेशनांत आधीच दमलेली होती. त्या काळी आमच्या गावात तिसरं काही मिळतही नव्हतं. संध्याकाळी ते सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकाऊ नळकांडी उकळायला पाठवायची म्हणून मी स्टँड उचलला. कालची दोन्ही अजून तिथेच होती. ताळ्याचं नळकांडं जवळजवळ निवळ होतं. वैजूचं पांढरं होतं. पातळ ताकासारखं पांढरं.

एका रात्रीत बाहेर ठेवल्यानं ती तेवढी वाढली असेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मग शेजारचंही वाढायला हवं होतं. ती वाढ नव्हतीच. पहिल्यापासून घातलेलीच तेवढी होती. लूपभरून. डबा उपडा केल्यासारखी.

मी बशी काढली. लूप लाल केला, निववला आणि वैजूच्या बुरशीला नुसता टेकवला. सीरममध्ये काही दिसलं नाही. वेळ भरेपर्यंत मी कुणाशी काय बोलले, कोणता तास घेतला, काही आठवत नाही. मग थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. प्रत्येक गोल पेशीला एकेक नळी फुटली होती, मोड आलेल्या मटकीसारखी.

नेहमीची जात. साधं औषध तिला पुरलं असतं.

मी धावत दवाखान्यात गेले. खोलीच्या दारातच थबकले. अॅम्फोटेरिसिनची बाटली चालू होती आणि वैजू थंडीनं थडथडत होती, दात वाजत होते. काकू तिच्या अंगावर ब्लँकेटांवर ब्लँकेटं घालत होत्या. सर पायाशी बसले होते. तिची दोन्ही पावलं त्यांनी आपल्या तळहातांत घट्ट धरली होती आणि चोळत होते. ती अख्खी हलत होती, तेवढे पायच काय ते स्थिर होते.

"काय मगदूम?" सरांनी मान वर न करता विचारलं.

सांगायलाच आले होते मी. शब्द तोंडात होते.

"काही नाही सर. बघायला आले."

मुजावर व्हरांड्यात भेटले. त्यांना एका दमात सगळं सांगितलं. ते भिंतीला टेकले.

"सकाळपासून लघवी कमी झालीय ओ मॅडम," ते म्हणाले. "मी म्हटलं, दुसरं औषधच नाही, तर सोसायला पाहिजे." मग त्यांनी विचारलं, "सरांना सांगितलं?"

"नाही."

"मग आता नका सांगू. औषध मी बदलतो. कारण काय सांगायचं ते माझं मी बघतो. त्यांना लेकीचे पाय धरू द्या की."

आत जाऊन ते म्हणाले, "सर, किडनीवर ताण यायला लागलाय. हे थांबवतो."

"मग काय देणार?"

"फ्लुकोनॅझोल. बघू, लागू पडलं तर पडलं."

सरांनी मुजावरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, अगदी क्षणभर. "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले आणि पुन्हा पावलं चोळायला लागले. मला सुटल्यासारखं वाटलं. मी तेव्हा तरुण होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैजूजवळ एकटीच होते. काकू डबा आणायला घरी गेल्या होत्या आणि सर रक्त आणायला रक्तपेढीत. थंडी थांबली होती. ओठ सुकून पांढरे झाले होते, मी कापूस ओला करून लावत होते. तिनं डोळे उघडले.

"पद्माताई, नळ्या आल्या का?"

मला वाटलं, सवयीनं विचारतेय. "त्या येतात नि जातात," मी म्हटलं. "तू बोलू नकोस."

"तसं नाही. माझ्या." ती दम घेत घेत बोलत होती. "काल औषध बदललं. बाबा तर म्हणाले होते, ते साधं चालणार नाही. आणि तुम्ही दारात येऊन नुसत्याच गेलात. तुम्ही पुन्हा लावून बघितलं ना?"

वीस वर्षं जेवताना बुरशीच्याच गोष्टी ऐकलेली मुलगी ती. तिला काय थाप मारणार? मी मान हलवली.

"आल्या?"

"आल्या."

ती छताकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. पण तिच्या सुकल्या ओठांच्या कडेला हसू आलं, आणि ते बघून मीच तोंड फिरवलं.

"लूपभरून घातलं असणार," ती म्हणाली. "बाबांना पाव किलो सांगितलं की किलोभर आणणार. माझ्यासाठी म्हटलं की झालंच."

"वैजू..."

"त्यांना सांगू नका हं. नाहीतर ते बाजारातच जायचे बंद होतील." मग म्हणाली, "आणि आईला तर अजिबात नको."

मी तिचा हात हातात घेतला. सर रक्ताची पिशवी घेऊन आले तेव्हा ती झोपली होती. सर दोन पिशव्या घेऊन आले होते. मुजावरांनी एकच सांगितली होती.

वैजूचा ताप उतरला. साधं औषध लागू पडलं होतं. मूत्रपिंडं मात्र सावरली नाहीत. आठवडाभरात, डायलिसिस चालू असतानाच, सकाळच्या उन्हात तिचं हृदय थांबलं. मुजावर मला नंतर पुष्कळदा म्हणाले, "मॅडम, पहिल्या दिवसापासून बरोबर औषध असतं तरी काही सांगता आलं नसतं. दोनदा पोट उघडलेलं पेशंट ते." ज्या अर्थी ते इतक्यांदा म्हणाले त्या अर्थी त्यांचाही त्यावर विश्वास नसावा.

दिवस झाल्यावर सर कामावर आले. बुरशीचं संशोधन त्यांनी एका वाक्यात बंद केलं. "मगदूम, तुम्ही दुसरा विषय घ्या." लूप त्यांनी पुन्हा हातात धरला नाही. काही लावायचं असलं की म्हणत, "तुम्ही करा." नळ्यांचं प्रात्यक्षिकही माझ्याकडे आलं. दर वर्षी ते चालू असताना सर आपल्या खोलीत दार लावून बसायचे. मी मनात म्हणायची, दुःख आहे, माणसाला आठवणी नको होतात. पिशवी यायचीही थांबली. काकू एकदा सहज बोलून गेल्या, "बाजारात पाऊल टाकत नाहीत हल्ली. दारावर येईल ती भाजी घेते मी." तेव्हा मला वैजूचं बाजाराबद्दलचं बोलणं आठवलं. पण तरीही मला कळलं नाही. मी वैजूला दिलेला शब्द पाळत होते आणि त्यातच समाधान मानत होते.

सर निवृत्त व्हायच्या वर्षी, नळ्यांच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी, ते अॅप्रन घालून प्रयोगशाळेत आले.

"आज मी घेतो," म्हणाले.

पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. सरांनी लूप तापवला. पहिल्या नळकांड्यात नुसतं टेकवलेलं टोक बुडवलं. मग दुसऱ्यासाठी बशीतून लूपभरून गोळा उचलला आणि सगळ्यांना दाखवून आत घातला. सीरम पांढरं झालं. दोन्ही उबेला ठेवली आणि दुपारी पोरांना एकेक करून बघायला लावलं. पहिल्यात नळ्या. दुसऱ्यात गोल.

"बुरशी एकच," सर म्हणाले. "दुसऱ्यात तिच्या पेशी एकमेकींशी बोलल्या, आणि आपली फसगत झाली. काय चुकलं?"

"जास्त घेतलं सर," पुढची मुलगी म्हणाली.

"बरोबर. एका माणसानं असंच जास्त घेतलं होतं. चांगला शिकलेला माणूस होता, हेच शिकवायचा. काही निसटू नये म्हणून घेतलं त्यानं. रिपोर्ट चुकला, औषध चुकलं."

"मग पेशंटचं काय झालं सर?"

"गेली," सर म्हणाले.

वर्ग पांगला. मी बर्नरशी उभी होते. सर हात धूत होते, पुन्हा पुन्हा साबण लावून.

"सर, तुम्हाला..."

"कळलं होतं. फ्लुकोनॅझोलची बाटली लटकवली त्याच घटकेला. आपण जे औषध चालणार नाही म्हणून सांगितलं, ते डॉक्टर उगीच देईल का? मुजावर थापा मारण्यात पहिल्यापासून कच्चा. आणि तुम्ही दारात उभ्या होतात." त्यांनी नळ बंद केला. "संध्याकाळी इथे आलो. तुमचं नळकांडं स्टँडवर होतं. बघितलं."

"तुम्ही काहीच बोलला नाहीत सर."

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. म्हटलं, ही पोरगी एवढं झाकून बसलीय, आपण उघडून कुणाला काय मिळणार? वैजूच्या आईला तर मी अजून सांगितलेलं नाही. सांगवत नाही." त्यांनी टॉवेल घेतला आणि तसाच धरून ठेवला. "पण एक विचारायचं राहून गेलंय. इतकी वर्षं रोज वाटतं विचारावं, आणि धीर होत नाही."

मला प्रश्न कळला होता. तरी त्यांना तो विचारू दिला.

"वैजूला कळलं होतं का?"

शब्द दिला होता मी तिला. पण तो ज्यासाठी दिला होता ते तर कधीच फुटून गेलं होतं. आता खोटं बोलले असते तर तिचं ते हसूही माझ्याबरोबरच राहिलं असतं, आणि ते माझं नव्हतं. ते त्यांचं होतं.

"कळलं होतं सर. तिनंच ओळखलं. मला म्हणाली, बाबांना सांगू नका."

"रागावली होती?"

"हसली."

"हसली?"

"म्हणाली, बाबांना पाव किलो सांगितलं की..."

"किलोभर," सर म्हणाले.

आणि मग ते रडले. वैजूला नेलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, मी तिथेच होते. आता प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसून, टॉवेल तोंडाशी धरून, लहान पोरासारखे हुंदके देत होते आणि मधेच हसत होते. मीही रडत होते. बर्नर तसाच जळत होता, तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी त्यांनी चष्मा पुसला. "लक्ष्मी मार्केट उघडं असेल ना अजून?"

"असेल सर."

आम्ही चालत गेलो. भाजीवाली म्हातारी सरांना बघून उठूनच उभी राहिली. "सर! किती वर्सांनी ओ! कुठं होता? ताईसाब बऱ्या हैत न्हवं?" सरांनी मान डोलवली. कोणती ताईसाब, ते त्यांनी विचारलं नाही.

"वांगी द्या," ते म्हणाले. "पाव किलो."

"पाव किलो? तुमी?" म्हातारी हसली आणि जुन्या सवयीनं ओंजळभर वांगी पारड्यात टाकली. पारडं धाडकन खाली गेलं.

सरांनी हात पुढे केला. एकेक वांगं उचलून ते परत टोपलीत ठेवत गेले, काटा सरळ होईपर्यंत.

"दोघंच आहोत आता," ते म्हणाले.